जमलेले माइल्स आणि पॉइंट्स नेमके कशावर खर्च करावेत

कामानिमित्त किंवा हौसेने वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या खात्यात विमान कंपन्यांचे माइल्स आणि हॉटेलांचे पॉइंट्स फारसा विचार न करताही साचत जातात. ते जमवावेत कसे याची चर्चा भरपूर होते, मात्र खर्च कसे करावेत हा त्याहून अवघड प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत शेवटच्या क्षणावर सोपवलेला असतो. एकाच खात्यातील तेवढ्याच पॉइंट्समधून एखादा प्रवासी समुद्रापारचा रात्रभराचा प्रवास पाय पसरून झोपत करतो, तर दुसऱ्याच्या पदरात जेमतेम एक बॅग पडते. हा फरक नशिबाचा नसतो. आधी प्रवास ठरवायचा, त्या प्रवासाला आपण स्वतःच्या खिशातून किती पैसे दिले असते हे प्रामाणिकपणे मांडायचे आणि मगच पॉइंट्सकडे वळायचे, हा क्रम ज्याने पाळला त्याचे पॉइंट्स सहसा वाया जात नाहीत. पुढील सगळे विवेचन या क्रमाला धरून आहे.

साठा फार काळ धरून ठेवू नये

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ॲडव्हान्टेज ही योजना सुरू केली आणि त्याच महिन्यात युनायटेडनेही आपली योजना आणली. त्या काळी जितके मैल उडावे तितके माइल्स मिळत आणि ठरावीक माइल्सना ठरावीक तिकीट मिळे. आज दोन्ही बाजू बदलल्या आहेत. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकनने २०१६ मध्ये माइल्स देण्याचा आधार अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेली रक्कम हा केला. खर्चाच्या बाजूलाही दरांचे छापील तक्ते हळूहळू नाहीसे झाले. डेल्टाने आपला तक्ता २०१५ मध्ये काढून टाकला, युनायटेडने २०१९ च्या नोव्हेंबरपासून तेच केले आणि मॅरियटने २०२२ च्या मार्चपासून हॉटेलांच्या ठरावीक श्रेणी मोडून मागणीनुसार वरखाली होणारे दर लागू केले. दर कोणत्याही दिवशी वाढू शकतो आणि वाढवण्याचा निर्णय पूर्णपणे कंपनीच्या हातात असतो. त्यामुळे पॉइंट्सना बँकेतील ठेव समजणे धोक्याचे आहे, कारण ठेवीवर व्याज तरी मिळते, तर पॉइंट्सची किंमत काळाबरोबर उतरत जाते.

कंपन्यांच्या दृष्टीने या योजना किती मोठ्या आहेत याची कल्पना २०२० मध्ये आली. त्या वर्षी विमाने जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्स योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभे केले. डेल्टाने त्याच मार्गाने ९ अब्ज डॉलर उभारले आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने १० अब्ज. बँकांना आणि कार्ड कंपन्यांना पॉइंट्स विकणे हा या उद्योगाचा मोठा धंदा झाला आहे. बाजारात पॉइंट्स जितके अधिक येतात तितके तिकिटाचे पॉइंट्समधील दर चढतात, आणि तो बोजा शेवटी साठा करणाऱ्यावर पडतो. कंपनीच बुडाली तर काय होते, हे एअर बर्लिनच्या प्रवाशांनी २०१७ मध्ये अनुभवले. ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, पाठोपाठ तिच्या टॉपबोनस या योजनेनेही तेच केले आणि साचलेल्या माइल्सवर तिकीट काढण्याचा मार्ग बंद झाला.

म्हणून येत्या एक-दोन वर्षांत वापर होईल एवढेच पॉइंट्स गाठीशी ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. याला एक अपवाद करावा. घरात आजारपण किंवा दुःखद प्रसंग आला तर ऐनवेळच्या तिकिटाची रोख किंमत अवाच्या सवा असते, तर ठरावीक दराच्या अवॉर्ड तिकिटाला, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटाला, अनेकदा नेहमीएवढेच माइल्स लागतात. अशा एका प्रवासापुरता साठा हात न लावता बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. तो साठा मात्र लवकर मुदत संपणाऱ्या योजनेत नसावा.

एका पॉइंटची किंमत कशी काढावी

हिशेबाचे सूत्र साधे आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून अवॉर्ड तिकिटावर भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करावे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सच्या संख्येने भागावे. समजा, एक तिकीट ६०० डॉलरला आहे आणि तेच २५,००० पॉइंट्स व ६० डॉलर कर भरून मिळते. ५४० डॉलरला २५,००० ने भागले की एका पॉइंटमागे २.१६ सेंट पडतात. हाच हिशेब वेगवेगळ्या पर्यायांसाठी केला की कोणता सौदा खरा आणि कोणता देखावा हे उघड होते. कंपनीच्या वस्तूंच्या कॅटलॉगमधील बॅग, गिफ्ट कार्ड किंवा बिल भरताना पॉइंट्स वळते करून घेण्याची सोय यांत हा आकडा बहुधा फार खाली उतरतो.

खरी गफलत महागड्या तिकिटांच्या बाबतीत होते. बिझनेस क्लासचे तिकीट ५,००० डॉलरला आहे आणि ते ७०,००० पॉइंट्स व २०० डॉलर भरून मिळत आहे, असे धरू. सूत्राप्रमाणे एका पॉइंटला ६.८ सेंटहून अधिक भाव मिळाला. परंतु त्या प्रवाशाने स्वतःचे ५,००० डॉलर त्या तिकिटावर कधी खर्च केले असते का? त्याने ९०० डॉलरचे इकॉनॉमी तिकीट घेतले असते, तर त्याचे खरोखर वाचलेले पैसे ७०० डॉलर, म्हणजे पॉइंटमागे १ सेंट. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी त्याची स्वतःची किंमत असते आणि ती त्यानेच ठरवायची असते. आपण त्या आरामासाठी १,६०० डॉलरपर्यंत मोजायला तयार झालो असतो असे कोणाला वाटत असेल, तर त्याच्यासाठी तो पॉइंट २ सेंटचा. दुसऱ्या कोणी काढलेला सरासरी भाव इथे कामाचा नाही, आणि ६.८ सेंटचा आनंद मानून घेणे म्हणजे कधीच न होणाऱ्या खर्चाला बचत समजणे होय.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. रोख तिकिटावर नवे माइल्स मिळतात, अवॉर्ड तिकिटावर सहसा मिळत नाहीत, त्यामुळे न मिळालेल्या माइल्सची किंमत वजा करणे योग्य ठरते. हॉटेलांत चित्र थोडे वेगळे आहे. मॅरियट, हिल्टन आणि हयात यांच्या योजनांत पॉइंट्सवर काढलेल्या रात्रीही सदस्यत्वाचा वरचा दर्जा टिकवण्यासाठी लागणाऱ्या रात्रींमध्ये मोजल्या जातात. दुसरी गोष्ट रद्द करण्याच्या सवलतीची. अनेक योजनांत अवॉर्ड तिकीट रद्द केल्यास माइल्स विनाशुल्क किंवा थोड्या शुल्कात परत मिळतात, तर सर्वांत स्वस्त रोख तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. ज्याचा बेत बदलण्याची शक्यता आहे त्याने अवॉर्ड तिकिटाची तुलना रद्द केल्यास पैसे परत मिळणाऱ्या तिकिटाशी करावी.

एकेरी प्रवासाचाही इथे विचार करावा. लांबच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर जुन्या विमान कंपन्यांचे एकेरी रोख तिकीट पुष्कळदा जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या निम्म्याहून बरेच महाग असते, तर अवॉर्ड तिकीट बहुतेक योजनांत सरळ निम्म्या माइल्सना मिळते. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतायचे असेल, तेव्हा माइल्सना चांगला भाव मिळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

विमानाचे तिकीट: आसन एकच, दर अनेक

स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये सुरू झाली. या तीन आघाड्यांमुळे एका कंपनीच्या माइल्सवर दुसऱ्या कंपनीचे विमान घेता येते. शिवाय आघाडीबाहेरही कंपन्यांचे परस्पर करार असतात. जपानच्या एएनएचे आसन एएनएच्या स्वतःच्या माइल्सवर मिळते, तसेच युनायटेडच्या, एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या योजनेच्या आणि एएनएच्या स्टार अलायन्स आघाडीत नसलेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या पॉइंट्सवरही मिळते. विमान तेच आणि आसनही तेच, मात्र लागणारे पॉइंट्स, भरायचे शुल्क आणि रद्द करण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. त्यामुळे ज्या कंपनीने प्रवास करायचा तिच्याच योजनेत शोध घेऊन थांबणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे. जे विमान हवे ते आधी निश्चित करावे, त्यावर कोणकोणत्या योजनांतून तिकीट निघते याची यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणचा दर पाहावा.

प्रत्येक योजनेचा स्वभाव वेगळा असतो आणि तो ओळखला की काम निम्मे होते. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज आणि फिनएअर या कंपन्या एव्हिऑस हे समाईक चलन वापरतात. भागीदार कंपन्यांच्या विमानांसाठी ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत दर अंतरावर ठरतो आणि मधे विमान बदलले की प्रत्येक टप्प्याचे पॉइंट्स वाढत जातात. त्यामुळे लहान, थेट आणि रोखीत महाग असलेल्या मार्गांसाठी ही योजना उत्तम, तर दोन-तीन टप्प्यांच्या प्रवासासाठी ती तोट्याची. एरोप्लॅनमध्ये काही अटींवर ५,००० जादा पॉइंट्स देऊन एकेरी प्रवासातही वाटेतल्या शहरात काही दिवस मुक्काम करता येतो, म्हणजे एका तिकिटात दोन ठिकाणे पाहून होतात. लांबच्या प्रवासात मुक्काम करण्याची ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

शुल्काकडे विशेष लक्ष द्यावे. सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क कोणालाच चुकत नाही, परंतु कंपनीने स्वतः लावलेला अधिभार ही निराळी गोष्ट आहे. ब्रिटिश एअरवेज किंवा लुफ्थान्सा यांच्या लांब पल्ल्याच्या विमानांवर हा अधिभार इतका मोठा असू शकतो की ‘मोफत’ तिकिटासाठी शेकडो डॉलर भरावे लागतात. काही योजना तो प्रवाशाकडून वसूल करतात, काही करत नाहीत. युनायटेड आपल्या माइल्सवर काढलेल्या भागीदारांच्या तिकिटांवर तो लावत नाही आणि एरोप्लॅनने २०२० च्या फेरबदलात तो काढून टाकला. त्यामुळे थोडे जास्त पॉइंट्स मागणारी योजनाही एकूण हिशेबात स्वस्त पडू शकते.

आता मुख्य अडचण, म्हणजे जागा. विमानात रिकामी आसने आहेत म्हणून ती पॉइंट्सवर मिळतीलच असे नाही, कारण कमी दराच्या अवॉर्ड तिकिटांसाठी कंपनी मोजकीच आसने खुली करते. ती खुली होण्याचे दोन हंगाम असतात. पहिला, वेळापत्रक उघडताच, म्हणजे बहुतेक कंपन्यांत सुमारे ११ ते १२ महिने आधी. दुसरा, उड्डाणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, जेव्हा न विकली गेलेली आसने मोकळी केली जातात. ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत आणि ज्यांना मुलाबाळांसह जायचे आहे त्यांनी पहिला हंगाम गाठावा. एकट्याने जाणाऱ्या आणि तारखा मागेपुढे करू शकणाऱ्या माणसाला दुसरा हंगाम अधिक फळतो. चौघांना एकाच विमानात बिझनेस क्लासच्या चार जागा मिळणे दुर्मीळ असते. दोघांनी आज आणि दोघांनी उद्या निघणे, किंवा आईवडिलांना पुढे बसवून बाकीच्यांनी इकॉनॉमीत बसणे, असे मार्ग काढावे लागतात आणि त्याची घरात आधीच चर्चा झालेली बरी.

बिझनेस क्लासचा मोह कुठे करावा? माझ्या मते रात्रीच्या आठ तासांहून लांब प्रवासासाठी, जिथे उतरल्यावर लगेच कामाला लागायचे असते किंवा वयस्कर माणसे सोबत असतात. दिवसाच्या चार-पाच तासांच्या प्रवासावर तिप्पट पॉइंट्स उधळण्यात फारसे हशील नाही. घेतलेल्या इकॉनॉमी तिकिटावर पॉइंट्स देऊन वरचा वर्ग मिळवण्याचा पर्याय वरकरणी आकर्षक दिसतो. तथापि त्यासाठी बहुधा महाग प्रकारचे मूळ तिकीट लागते, वरून रोख रक्कमही द्यावी लागू शकते आणि पुष्कळदा प्रतीक्षायादीत अडकून राहावे लागते.

हॉटेलात पॉइंट्स केव्हा काढावेत

हॉटेलचे पॉइंट्स खर्च करण्याची उत्तम वेळ म्हणजे त्या शहरात गर्दी उसळलेली असते तेव्हा. मोठे अधिवेशन, क्रीडास्पर्धा किंवा सुट्ट्यांचा हंगाम असताना साध्या खोलीचा रोख दर दुपटीतिपटीने वाढतो. श्रेणीनुसार दर ठरवणाऱ्या योजनेत पॉइंट्सचा दर तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. मागणीनुसार दर बदलणाऱ्या योजनांत हा फायदा आटला आहे, तरी तुलना करून पाहणे कधीही चांगले. उलट, आडहंगामात खोली स्वस्त असेल तेव्हा रोख पैसे द्यावेत आणि पॉइंट्स राखून ठेवावेत.

तुलना करताना जाहिरातीतला दर घेऊ नये. रोख दरावर कर वाढतो, तर पॉइंट्सच्या रात्रीवर तो बहुतेक ठिकाणी लागत नाही. रिसॉर्ट शुल्काचा, म्हणजे खोलीच्या दराखेरीज काही हॉटेले सक्तीने लावतात त्या रकमेचा, नियमही तपासावा. हिल्टन आणि हयात पूर्णपणे पॉइंट्सवर घेतलेल्या रात्रींसाठी ते शुल्क माफ करतात, मॅरियटच्या हॉटेलांत ते सहसा भरावे लागते. विश्रामस्थळी पाच रात्री राहायचे असेल तर या एका नियमानेही पारडे फिरू शकते.

सलग रात्रींची सवलत हा हॉटेल योजनांतील सर्वांत भरवशाचा लाभ आहे. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या की त्यांतील सर्वांत कमी पॉइंट्सची रात्र मोफत मिळते, आणि हिल्टन दर्जाधारक सदस्यांना पाचवी रात्र मोफत देते. उदाहरणार्थ, रात्रीला ४०,००० पॉइंट्स आणि करासह २५० डॉलर असा दर असेल, तर चार रात्रींत एका पॉइंटला ०.६२ सेंट मिळतात. पाचव्या रात्रीला पॉइंट्स लागत नसल्यामुळे त्याच १,६०,००० पॉइंट्सवर १,२५० डॉलरचा मुक्काम होतो आणि भाव ०.७८ सेंटवर जातो. म्हणून चार रात्रींचा बेत असेल आणि रजा मिळत असेल, तर एक रात्र वाढवावी.

वेगवेगळ्या साखळ्यांच्या पॉइंट्सची संख्या पाहून तुलना करणे मात्र निरर्थक आहे, कारण हिल्टनचा एक पॉइंट हयातच्या एका पॉइंटच्या मानाने बराच हलका असतो. हॉटेलचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवण्याची सोयही जपून वापरावी. मॅरियटचे ३ पॉइंट्स दिले की बहुतेक कंपन्यांचा १ माइल मिळतो आणि एकदम ६०,००० दिल्यास अनेक कंपन्यांत ५,००० माइल्स अधिक मिळतात. तिकिटाला थोडेसेच माइल्स कमी पडत असतील तर हा मार्ग उपयोगी, एरवी तोट्याचा.

बँकेचे पॉइंट्स शेवटपर्यंत बँकेतच

अमेरिकन एक्स्प्रेस किंवा चेस यांसारख्या कार्डांचे पॉइंट्स अनेक विमान कंपन्यांकडे वळवता येतात, आणि हा मोकळेपणा हेच त्यांचे बळ आहे. एकदा वळवलेले पॉइंट्स परत येत नाहीत. वळवताना जादा पॉइंट्स देण्याची मोहीम सुरू आहे एवढ्याच कारणाने, प्रवास ठरलेला नसताना ते हलवणे टाळावे. जागा प्रत्यक्ष दिसत आहे आणि दर आपल्याला मान्य आहे, हे पाहूनच वळवावेत. काही कंपन्यांच्या खात्यात ते तत्काळ पोहोचतात, काहींना एक-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. भागीदार कंपनीची संकेतस्थळावर दिसणारी जागा प्रत्यक्षात नसल्याचेही घडते. म्हणून पॉइंट्स हलवण्याआधी तीच जागा दुसऱ्या एखाद्या योजनेच्या शोधात दिसते का ते पाहावे किंवा फोन करून खात्री करून घ्यावी.

मुदतीचे नियम स्वतंत्र वहीत किंवा तक्त्यात लिहून ठेवावेत. डेल्टा आणि युनायटेडच्या माइल्सना मुदत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे आणि एएनएचे माइल्स मात्र मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी संपतात, मग खात्यात हालचाल असो वा नसो. मॅरियट, हिल्टन आणि हयात यांचे पॉइंट्स २४ महिने हालचाल नसेल तर जातात, आणि एखादी छोटीशी कमाईही ती मुदत पुढे ढकलते. कशालाही न पुरणारे थोडे पॉइंट्स संपायला आले असतील आणि मुदत वाढवता येत नसेल, तर एरवी टाळायचा तो वस्तूंचा कॅटलॉगही चालतो.

बुकिंग झाल्यावर

भागीदार कंपनीचे तिकीट काढल्यावर केवळ बुकिंग क्रमांक आला म्हणून निश्चिंत होऊ नये. ई-तिकिटाचा १३ अंकी क्रमांक आला आहे का ते पाहावे, त्याचे पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. तो आला नसेल तर तिकीट निघालेले नाही आणि जागा हातची जाऊ शकते. प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीचा वेगळा बुकिंग क्रमांक असतो, तो मागून घ्यावा आणि तिच्याच संकेतस्थळावर आसने निवडावीत. कंपनीने वेळापत्रक बरेच बदलले, तर सोयीचे दुसरे विमान विनाशुल्क मागता येते आणि अशा वेळी फोनवरील कर्मचारी एरवी न मिळणारी जागाही देऊ शकतात.

हॉटेलचे बुकिंग रद्द करण्याची मुदत संपण्याआधी एकदा दर पुन्हा पाहावा. पॉइंट्सचा दर उतरला असेल तर आधी नवे बुकिंग करावे, मग जुने सोडावे. विमानाचे तिकीट रद्द करताना मात्र घाई करू नये. परत येणारे माइल्स विमान कंपनीच्याच खात्यात येतात, बँकेत नाही, आणि ज्या माइल्सची मूळ मुदत दरम्यान उलटून गेली आहे ते काही योजनांत परत मिळतच नाहीत. अशा वेळी तिकीट रद्द करण्याऐवजी तारीख बदलून मिळते का, हे आधी विचारावे.